संगणकाला किल्ला समजावताना: ‘कुठे आहे’ आणि ‘कशाचा भाग आहे’

राजगडाला तीन माच्या आहेत: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मधोमध उंचावर बालेकिल्ला आहे. संजीवनी माचीच्या टोकाला कुणी उभं असेल, तर तो माणूस राजगडावर आहे. राजगड पुणे जिल्ह्यात आहे, म्हणजे तो माणूसही पुणे जिल्ह्यात आहे. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. संगणकाला मात्र यातलं एक अक्षरही आपोआप कळत नाही. ‘माची’, ‘राजगड’, ‘पुणे जिल्हा’ ही त्याच्या दृष्टीने केवळ अक्षरांची माळ असते.

अशी साधी, गृहीत धरलेली समज यंत्राला द्यायची, या हेतूने डग्लस लेनाट यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत ‘सायक’ हा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून आजवरच्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे: जागेची नाती आणि भाग-पूर्णाची नाती सांगायला सोपी वाटतात, पण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. ही नाती नीट कशी मांडायची, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू. उदाहरणं किल्ल्यांची घेऊ. संगणकशास्त्राची ओळख असण्याची गरज नाही.

टप्पा १: माहितीचं एक वाक्य

ज्ञानसंच, म्हणजे नॉलेज बेस, हा छोट्या छोट्या विधानांचा साठा असतो. प्रत्येक विधानाचे तीन तुकडे असतात: एक वस्तू, एक नातं आणि दुसरी वस्तू. उदाहरणार्थ, ‘राजगड – वसलेला आहे – पुणे जिल्हा’. या तीन तुकड्यांच्या विधानाला त्रिक म्हणू. इंग्रजीत त्याला ट्रिपल म्हणतात.

साध्या तक्त्यात माहिती भरली की ती तिथेच पडून राहते. ज्ञानसंचात विधानांसोबत नियमही असतात. त्या नियमांच्या आधारे संगणक न सांगितलेली गोष्ट शोधून काढतो. याला अनुमान म्हणतात, आणि अनुमान काढणाऱ्या प्रोग्रामला रीझनर.

हा रीझनर अतिशय आज्ञाधारक असतो. चुकीचं नातं दिलं तर त्यावरून तो शेकडो चुकीची उत्तरं तितक्याच ठामपणे काढतो. म्हणून पुढचे सगळे टप्पे एकाच गोष्टीभोवती फिरतात: नात्याचं नाव लिहिण्याआधी त्याचे नियम ठरवणं.

टप्पा २: प्रत्येक वस्तूला स्वतःची ओळख

‘सिंधुदुर्ग’ म्हटल्यावर मालवणजवळचा जलदुर्ग अभिप्रेत आहे की जिल्हा? ‘रायगड’ म्हणजे महाड तालुक्यातला गड की संपूर्ण जिल्हा? आपण संदर्भावरून ओळखतो. संगणकाला दोन वेगळे ओळख-क्रमांक द्यावे लागतात.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या सर्वांना खुल्या ज्ञानसंचात हेच केलं जातं. तिथे प्रत्येक वस्तूला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि मराठी, इंग्रजी, तमिळ ही नावं त्या क्रमांकाला चिकटवलेली असतात.

हा टप्पा गाळला तर काय होतं? ‘सिंधुदुर्ग – वसलेला आहे – सिंधुदुर्ग’ असं विधान तयार होतं आणि किल्ला स्वतःच्याच पोटात जाऊन बसतो. एकाच नावाच्या जागा दिसल्या की आधी क्रमांक वेगळे करावेत, मगच नाती लिहावीत.

टप्पा ३: ‘प्रकार’, ‘नमुना’ आणि ‘भाग’ वेगळे ठेवणं

आता तीन वाक्यं बघा. गिरिदुर्ग हा दुर्गाचा एक प्रकार आहे. राजगड हा एक गिरिदुर्ग आहे. बालेकिल्ला हा राजगडाचा भाग आहे.

पहिल्या वाक्यात एक वर्ग दुसऱ्या वर्गात सामावतो. दुसऱ्यात एक प्रत्यक्ष वस्तू वर्गात मोडते. तिसऱ्यात एक वस्तू दुसऱ्या वस्तूचा भाग आहे. विकिडेटावर या तिन्हींसाठी वेगळी नाती आहेत: प्रकारासाठी पी२७९, नमुन्यासाठी पी३१ आणि भागासाठी पी३६१.

नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. शाळेत काढलेल्या झाडासारख्या आकृतीत वरून खाली रेघा ओढल्या की सगळी नाती सारखी दिसतात: दुर्गाखाली गिरिदुर्ग, गिरिदुर्गाखाली राजगड, राजगडाखाली बालेकिल्ला, त्याखाली बुरूज. या रेघांना एकच नाव दिलं, तर बुरूज हा दुर्गाचा एक प्रकार ठरतो.

तपासायला सोपी कसोटी आहे. ‘प्रत्येक अ हा ब असतो’ असं म्हणून पाहावं. ‘प्रत्येक गिरिदुर्ग हा दुर्ग असतो’ हे बरोबर वाटतं, म्हणून ते प्रकाराचं नातं. ‘प्रत्येक बुरूज हा दुर्ग असतो’ हे कानाला खटकतं, म्हणून तिथे भागाचं नातं हवं.

टप्पा ४: भाग म्हणजे नक्की कोणता भाग?

‘भाग’ हा एकच शब्द आपण अनेक अर्थांनी वापरतो. मॉर्टन विन्स्टन, रॉजर चॅफिन आणि डग्लस हरमन या अभ्यासकांनी १९८७ मध्ये भाग-पूर्ण नात्यांचे सहा प्रकार मांडले. किल्ल्यांच्या कामात त्यांतले पाच आपल्याला लागतात.

पहिला, घटक. संजीवनी माची हा राजगडाचा घटक आहे. घटकाला पूर्णात ठरलेली जागा आणि काम असतं.

दुसरा, सदस्य. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाने १२ किल्ल्यांचा समूह नोंदवला गेला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. राजगड या समूहाचा सदस्य आहे. समूहातले सदस्य एकमेकांना चिकटलेले असण्याची गरज नसते.

तिसरा, पदार्थ. राजगडाची तटबंदी बेसॉल्ट दगडाची आहे. इथे ‘बेसॉल्ट’ म्हणजे तटातला एखादा विशिष्ट चिरा नव्हे, तर ज्यापासून तट बनला तो पदार्थ. त्यासाठी ‘बनलेला आहे’ असं वेगळं नातं ठेवावं.

चौथा, अंश. पद्मावती तलावातून घडाभर पाणी घेतलं तर ते पाणीच असतं. अंशाची जात पूर्णासारखीच राहते. घटकाचं तसं नसतं. माची म्हणजे छोटा किल्ला नव्हे.

पाचवा, भूभाग. मालवण तालुका हा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विभाग आहे.

हे पाचही अर्थ ‘भाग आहे’ या एकाच नात्यात कोंबले तर सुरुवातीला काम भराभर होतं, पण पुढच्या टप्प्यात त्याची किंमत मोजावी लागते.

टप्पा ५: नात्याचे नियम लिहिणं

चिलखती बुरूज संजीवनी माचीचा घटक, माची राजगडाचा घटक. म्हणून बुरूज राजगडाचा घटक. नातं असं पायरी-पायरीने पुढे जातं, या गुणाला आपण संक्रामकता म्हणू. इंग्रजी नाव ट्रान्झिटिव्हिटी. एकदा हा नियम दिला की राजगडाचे सगळे बुरूज वेगवेगळे सांगावे लागत नाहीत, संगणक ते स्वतः गोळा करतो.

आता तोच नियम सदस्य नात्याला लावून पाहा. माची राजगडाचा घटक, राजगड १२ किल्ल्यांच्या समूहाचा सदस्य. म्हणून माची त्या समूहाची सदस्य? नाही. तसं मान्य केलं, तर ‘समूहात सदस्य किती?’ या प्रश्नाला १२ ऐवजी सगळे दरवाजे, बुरूज आणि तलाव मोजून उत्तर येईल. घटक नातं संक्रामक आहे, सदस्य नातं नाही. दोन्हींना एकच नाव दिलं असेल तर ही चूक टाळताच येत नाही.

दुसरा नियम दिशेचा. माची राजगडाचा भाग असेल तर राजगड माचीचा भाग असू शकत नाही. तिसरा नियम उलट नात्याचा: ‘माची राजगडाचा घटक आहे’ आणि ‘राजगडाला माची हा घटक आहे’ ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. एक लिहावं, दुसरं संगणकाला काढू द्यावं. दोन्ही हाताने भरत बसलं की कधी ना कधी एक बदललं जातं आणि दुसरं तसंच राहतं.

एक तांत्रिक अडचण आधीच माहीत असलेली बरी. ज्ञानसंचासाठी ‘आउल’ ही प्रमाणभाषा बरीच वापरली जाते. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आणि दुसरी २००९ मध्ये आली. उत्तर हमखास मिळावं म्हणून तिचा जो मर्यादित प्रकार वापरतात, त्यात संक्रामक नात्यावर संख्येची अट घालता येत नाही आणि ते एकदिश असल्याचंही जाहीर करता येत नाही. ‘राजगडाला नेमक्या तीन माच्या’ असं लिहायला गेलं तर ते नियमात बसत नाही.

यावर उपाय जुना आणि भरवशाचा आहे. दोन नाती करावीत. ‘थेट घटक’ हे एका पायरीपुरतं, संक्रामक नसलेलं नातं. त्यावर संख्येची अट घालता येते. ‘घटक’ हे त्याच्या वरचं संक्रामक नातं. प्रत्येक थेट घटक हा आपोआप घटकही असतो, असा नियम जोडावा. माहिती भरताना नेहमी थेट घटकच लिहावा.

टप्पा ६: एका वस्तूवरून वर्गाकडे जाताना

आतापर्यंत आपण एकेका किल्ल्याबद्दल बोललो. ज्ञानसंचात ‘सगळ्या बुरुजांबद्दल’ किंवा ‘सगळ्या किल्ल्यांबद्दल’ही बोलावं लागतं. तिथे उलट नात्याचा नियम फसवतो.

‘प्रत्येक माची कोणत्या ना कोणत्या किल्ल्याचा घटक असते’ हे मान्य केलं, तरी ‘प्रत्येक किल्ल्याला माची असते’ असं निघत नाही. सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गाला माची कुठून असणार? जीवशास्त्राचे ज्ञानसंच बनवणाऱ्यांना हाच धडा पेशींनी दिला. प्रत्येक पेशीकेंद्रक पेशीचा भाग असतं, पण आपल्या रक्तातल्या पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं.

म्हणून वर्गाच्या पातळीवर दोन्ही दिशांची वाक्यं स्वतंत्रपणे तपासावीत आणि जे खरं असेल तेच लिहावं. वाक्यात ‘प्रत्येक’ आणि ‘कोणत्या ना कोणत्या’ हे शब्द मुद्दाम घातले की चूक लगेच दिसते.

टप्पा ७: भागाचं जे होतं, ते पूर्णाचं होतं का?

हा टप्पा फार महत्त्वाचा आहे, कारण इथली चूक माणसाच्या अंगावरही येऊ शकते. मांडीच्या हाडाच्या मधल्या भागाला फ्रॅक्चर झालं, तर मांडीच्या हाडाला फ्रॅक्चर झालं असं म्हणता येतं. हॉस्पिटलच्या संगणकाने मांडीच्या हाडाचे सगळे रुग्ण शोधताना हा रुग्ण दाखवायलाच हवा. पण हाताचं एक बोट शस्त्रक्रियेने काढलं, तर हात काढला असं म्हणता येत नाही. भाग-पूर्ण नातं दोन्हीकडे सारखंच आहे. फरक आहे तो घटनेचा.

किल्ल्यालाही हेच लागू आहे. बुरुजाची दुरुस्ती झाली, तर ‘किल्ल्यावर दुरुस्ती झाली’ हे खरं. बुरूज ढासळला, तर ‘किल्ला ढासळला’ हे खोटं.

तेव्हा ‘भागाचा गुण पूर्णाला द्यावा’ असा सरसकट नियम कधीच लिहू नये. दुरुस्ती, नुकसान, पाहणी अशा प्रत्येक नात्याला वेगळं विचारावं: हे वर चढतं का? चढत असेल तरच नियम जोडावा.

टप्पा ८: ‘आत आहे’ म्हणजे ‘भाग आहे’ असं नाही

सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या किनाऱ्याजवळ कुरटे बेटावर आहे. चहूबाजूंना खारा समुद्र असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आहेत. विहीर हा किल्ल्याचा घटक आहे. विहिरीतलं पाणी विहिरीत आहे, तिचा घटक नाही. किल्ला पाहायला आलेला माणूस किल्ल्यात आहे. संध्याकाळी तो होडीने परत गेला तरी किल्ल्याचं काही कमी होत नाही.

म्हणून ‘घटक आहे’ आणि ‘वसलेला आहे’ ही नाती वेगळी ठेवावीत, पण त्यांना जोडणारे नियम द्यावेत. माणूस माचीवर आहे, माची राजगडाचा घटक आहे, म्हणून माणूस राजगडावर आहे. बुरूज राजगडाचा घटक आहे, राजगड पुणे जिल्ह्यात आहे, म्हणून बुरूज पुणे जिल्ह्यात आहे. दोन नाती साखळीने जोडून तिसरं काढायची ही सोय आउलच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे.

आता थोडी कठीण वस्तू घेऊ. सुवेळा माचीवर नेढं आहे, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोक. हे नेढं माचीचा घटक म्हणायचं का? घटक काढून घेतला की पूर्ण कमी होतं. नेढं बुजवलं तर खडक उलट वाढेल. रॉबर्टो कासाती आणि अकिले वार्झी या तत्त्वज्ञांनी १९९४ मध्ये भोकांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, इतका हा प्रश्न खोल आहे. व्यवहारात मार्ग सोपा आहे: नेढ्याला स्वतंत्र वस्तू मानावी आणि ‘याच्यात आहे’ किंवा ‘याच्यावर अवलंबून आहे’ असं नातं द्यावं. खडक नसेल तर नेढंही नसेल, एवढं त्यातून नीट सांगता येतं.

टप्पा ९: दोन जागांमधली आठ नाती

दोन प्रदेश एकमेकांशी कसे असू शकतात? डेव्हिड रँडेल, झान कुई आणि अँथनी कोन या संशोधकांनी १९९२ मध्ये त्यासाठी एक पद्धत मांडली. तिच्यातून पुढे रूढ झालेल्या आठ नात्यांच्या संचाला आरसीसी-८ म्हणतात. मोजमाप लागत नाही, आकडे लागत नाहीत.

एक, पूर्ण वेगळे: रायगड जिल्हा आणि सिंधुदुर्ग जिल्हा. दोन, फक्त सीमेला सीमा: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. तीन, काही जागा सामाईक: सह्याद्रीची रांग आणि महाराष्ट्र. चार, दोन्हींची जागा तंतोतंत तीच. पाच, आत पण सीमेला टेकून: महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्हा. सहा, आत आणि सीमेपासून दूर: महाराष्ट्रात बीड जिल्हा. सात आणि आठ ही पाच-सहाची उलट रूपं.

या पद्धतीचं बळ नाती जोडताना दिसतं. बीड महाराष्ट्राच्या आत, सीमेपासून दूर. महाराष्ट्राची सीमा गोव्याला लागून. यावरून संगणक नकाशा न पाहता ठामपणे सांगतो की बीड गोव्याला लागून नाही. सिंधुदुर्ग मात्र राज्याच्या सीमेला टेकून आहे. त्यावरून तो एवढंच म्हणू शकतो की सिंधुदुर्ग गोव्याला लागून असेल किंवा नसेल. हे योग्यच आहे, कारण नंदुरबारही सीमेला टेकून आहे, पण गोव्यापासून दूर. रीझनर दोन शक्यता शिल्लक ठेवतो तेव्हा त्याला माहिती कमी पडली असं समजावं आणि थेट विधान भरावं.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘सीमेला लागून’ हे नातं संक्रामक करणं. रायगड रत्नागिरीला लागून, रत्नागिरी सिंधुदुर्गाला लागून. म्हणून रायगड सिंधुदुर्गाला लागून? नाही. हे नातं दोन्ही बाजूंनी सारखं असतं, पण पुढे सरकत नाही.

दुसरी चूक वेढलेल्या प्रदेशांची. दादरा चारही बाजूंनी गुजरातने वेढलेला आहे, पण तो गुजरातचा भाग नाही. तो केंद्रशासित प्रदेशात येतो. या आठ नात्यांत दादरा आणि गुजरात यांचं नातं ‘आत’ नसून ‘सीमेला सीमा’ असं आहे, कारण गुजरातच्या प्रदेशाला तिथे भोक आहे. आपल्या कोकणाच्या टोकालाही असंच उदाहरण आहे. तेरेखोलचा किल्ला तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, जमिनीच्या बाजूने महाराष्ट्राला लागून आहे, तरी तो गोव्यात येतो. ‘नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा’ असा नियम लिहिला तर हा किल्ला चुकीच्या राज्यात जातो.

टप्पा १०: आकडे आणि नकाशे जोडणं

प्रत्यक्ष नकाशा असेल तर अक्षांश-रेखांश आणि सीमारेषाही ज्ञानसंचात ठेवता येतात. २०१२ मध्ये आलेलं ‘जिओस्पार्कल’ हे प्रमाण त्यासाठीच आहे. त्यात वस्तू आणि तिचा आकार या दोन वेगळ्या नोंदी असतात. किल्ला एकच असतो, पण त्याचा एक आकार नकाशावरचा ठिपका असेल, दुसरा तटाची रेषा असेल.

ठिपका आणि क्षेत्र यांतला फरक विसरू नये. किल्ल्याचा ठिपका बालेकिल्ल्यावर ठेवला आणि ‘माची किल्ल्याच्या आत आहे का?’ असं आकारावरून विचारलं, तर उत्तर ‘नाही’ येईल.

आकड्यांचा क्रमही फसवतो. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो; ‘जिओजेसन’ या प्रचलित नमुन्यात रेखांश आधी लिहावा लागतो. सिंधुदुर्ग किल्ला साधारण १६ उत्तर अक्षांश आणि ७३.५ पूर्व रेखांशावर आहे. आकडे उलटले की तो नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जातो. असा किल्ला ‘कोणत्याच जिल्ह्यात नाही’ असं उत्तर आलं, तर आधी हा क्रम तपासावा.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते. जिल्ह्याच्या सीमेचा नकाशा ढोबळ असेल तर बेट सीमेबाहेर पडतं, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे तिन्ही जलदुर्ग जिल्ह्यातून वगळले जातात. अशा वेळी माणसाने लिहिलेलं ‘वसलेला आहे’ हे विधान प्रमाण मानावं आणि नकाशावरून काढलेलं उत्तर तपासणीसाठी वापरावं.

‘समोर’, ‘डावीकडे’, ‘जवळ’ हे शब्द मात्र नुसते लिहू नयेत. दरवाजाच्या समोर म्हणजे दरवाजाच्या तोंडाकडे. झाडाच्या समोर म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूला. उत्तर-दक्षिण लिहिणं सुरक्षित. डावं-उजवं लिहायचंच असेल, तर कुठे उभं राहून आणि कुठे तोंड करून, तेही नोंदवावं.

टप्पा ११: नात्याला तारीख देणं

वसईचा किल्ला जागचा हललेला नाही. पण ३१ जुलै २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. तिथे नाव बदललं, विभागणी झाली नाही.

जुनं विधान पुसून नवं लिहिलं, तर १९९० सालच्या कागदपत्रात ‘ठाणे जिल्हा, वसई किल्ला’ असं वाचून संगणक ते चूक ठरवेल. म्हणून विधानालाच ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशी जोड द्यावी. विकिडेटावर तशी सोय आहे. नाव बदललं असेल तर ओळख-क्रमांक तोच ठेवावा. विभागणी झाली असेल तर नव्या जिल्ह्याला नवा क्रमांक द्यावा.

टप्पा १२: न लिहिलेलं म्हणजे खोटं नव्हे

आपण राजगडाच्या दोनच माच्या नोंदवल्या, तर ‘राजगडाला दोनच माच्या आहेत का?’ या प्रश्नाला आउलचा रीझनर ‘हो’ म्हणत नाही. न लिहिलेली माहिती त्याच्या लेखी अज्ञात असते. याला खुलं जग गृहीत धरणं म्हणतात.

शिवाय वेगळी नावं म्हणजे वेगळ्या वस्तू, असंही तो मानत नाही. सुवेळा आणि संजीवनी या दोन भिन्न माच्या आहेत, हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. संख्या मोजायची असेल तर तीन गोष्टी द्याव्यात: सगळे थेट घटक, ते परस्परांहून भिन्न असल्याचं विधान, आणि ‘एवढेच आहेत’ ही अट.

टप्पा १३: प्रश्न विचारून तपासणं

काम सुरू करण्याआधीच दहा-बारा प्रश्न उत्तरांसह कागदावर लिहून ठेवावेत आणि प्रत्येक बदलानंतर ते संगणकाला विचारावेत. आपल्या १२ किल्ल्यांसाठी हे प्रश्न घेता येतील.

समूहात सदस्य किती? उत्तर १२. जास्त आलं, तर सदस्य नातं चुकून संक्रामक झालं आहे.

त्यांतले महाराष्ट्रात किती? उत्तर ११. बारा आलं, तर कुणीतरी संपूर्ण समूहच ‘महाराष्ट्रात वसलेला आहे’ असं लिहिलं आहे आणि जिंजी त्यासोबत इकडे आला आहे.

पुणे जिल्ह्यात किती? उत्तर तीन: शिवनेरी, लोहगड, राजगड. रायगड जिल्ह्यात किती? उत्तर दोन: रायगड आणि खांदेरी. एकच आलं, तर नकाशाच्या ढोबळ सीमेने खांदेरीला समुद्रात टाकलं आहे.

चिलखती बुरूज पुणे जिल्ह्यात आहे का? उत्तर ‘हो’ यायला हवं, आणि तसं विधान आपण कुठेही लिहिलेलं नसावं. ते उत्तर आलं तर साखळीचा नियम नीट बसला आहे.

बुरूज हा दुर्ग आहे का? हे अनुमान कधीच निघता कामा नये. निघालं, तर टप्पा ३ कडे परत जावं.

सरावासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं ‘प्रोटेजे’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. सुरुवात ओळखीच्या एकाच किल्ल्यापासून करावी: पाच घटक, एक तालुका, एक जिल्हा, आणि वर सांगितलेली ‘थेट घटक’, ‘घटक’, ‘सदस्य’, ‘वसलेला आहे’ ही चार नाती. ती बरोबर चालली की दुसरा किल्ला जोडावा. आपल्या गडांवरचे दरवाजे, टाकी आणि बुरूज यांची बारीक माहिती आजही बरीचशी गावच्या लोकांच्या आणि गडप्रेमींच्या बोलण्यात आहे. ती नेमक्या नात्यांनी नोंदवली गेली, तर पुढे कुणीही मराठीत प्रश्न विचारला तरी संगणकाला खरं उत्तर देता येईल.